डोळ्यातून किरण बाहेर जातात?
संपादक साहेब, नमस्कार. आधीचे लोक डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं असं म्हणायचे, त्यावर हल्ली लोक हसतात, पण ते काही येडे नव्हते हो! ग्रीक गणिती युक्लिडने त्याच किरणांवर दिसण्याची सगळी भूमिती मांडली, आणि आपल्या न्यायदर्शनवाल्यांनी (तर्कशास्त्राची जुनी भारतीय परंपरा) तर रात्री चमकणारे मांजराचे डोळेच पुरावा म्हणून दिले, लॉजिक बघा ना. मग अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने विचारलं, सूर्याकडे बघितल्यावर डोळा का दुखतो, म्हणजे उजेड बाहेरून आत येतो ना? तरी उलटी इमेज डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर पडते हे खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६०४ मध्ये सांगेपर्यंत लोक बघण्यासाठी डोळ्यातल्या भिंगालाच मेन समजत होते. शाळेच्या पुस्तकात डायरेक्ट शेवटचं उत्तर छापतात, हा वाद पण छापा की.
– एक वाचक