तांबं सापडलं की नाही ते सांगा, आणि माझ्या बांधीतला खड्डा बुजवा : खनिकर्म मंत्र्यांना खुले पत्र

मा. खनिकर्म मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांना

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, गेल्या सोमवारी मला एक सरकारी कागद आला. सात ओळींचा. त्यात लिहिलं आहे की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, अर्जदाराने संबंधित कंत्राटदाराशी संपर्क साधावा. कंत्राटदाराचा पत्ता नाही, फोन नाही, नावसुद्धा नाही. ज्याला त्या कागदात 'सदर बाब' म्हटलं आहे, तो माझा बैल होता.

आपण कामात असता याची जाणीव आहे, म्हणून आधी हकीकत सांगतो. मी पोंभुर्णा तालुक्यातला धानाचा शेतकरी. ठाणेवासन्याच्या पट्ट्यात तांबं आहे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वडील तरुण असताना तंबू टाकून माणसं राहायची, गोट्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे लिहून जायची, असं ते सांगायचे. गेल्या फेब्रुवारीत माझ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, मशीन आलं. बांधीत लाखोरी, म्हणजे लाख डाळीचं पीक, उभी होती, शेंगा भरत होत्या. पथकाच्या साहेबांनी सांगितलं, देशाचं काम आहे, दोन बोअर मारायचे, पिकाचे 4,200 रुपये महिन्याभरात मिळतील, आणि जाताना जमीन होती तशी करून देऊ. कागद मागितला तर म्हणाले, सरकारचं काम आहे, कागद कशाला. मी विश्वास ठेवला. पथक कोणाचं होतं ते इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी तिथल्या रोजंदारीच्या चार पोरांची होते, आणि फाइल जागची हलत नाही.

मशीन 41 दिवस होतं. मी स्वतः त्यावर रोजाने पाणी वाहिलं, म्हणून आत काय निघालं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. हिरे जडवलेलं बीट, म्हणजे मशीनचं कापणारं टोक, दगड गोल कापत खाली जातं आणि मधला दगड काठीसारखा अखंड वर येतो. त्याला कोअर म्हणतात. कोअर पेट्यांत ओळीने मांडतात, एका ओळीत एक मीटर, पेटीत पाच ओळी. मोठ्या बोअरच्या 37 पेट्या मी मोजल्या, म्हणजे 185 मीटर. सरकारी आकडा वेगळा असेल तर तो मला दाखवा, मी माझा सोडून देईन. वर पिवळी माती, मग मुरूम, मग गुलाबी ग्रॅनाइट. नव्वदेक मीटरच्या खाली दगडाचा रंगच पालटला. गर्द हिरवा, साबणासारखा बुळबुळीत, नखाने ओरखडा उठेल असा. त्यातून पांढऱ्या गारेच्या शिरा गेलेल्या, आणि शिरांच्या काठाने पिवळेधमक धागे.

पथकात एक भूवैज्ञानिक मॅडम होत्या. त्या सगळ्या खात्यात माझ्याशी माणसासारखं बोलणाऱ्या त्या एकट्याच, हे इथे लिहून ठेवतो. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, फिकट पिवळं ते पायराइट, त्याला चाकू लागत नाही. गडद पितळी ते चाल्कोपायराइट, त्यावर चाकूचा ओरखडा उठतो, तेच तांब्याचं खनिज. हिरवा दगड म्हणजे क्लोराइट. या पट्ट्यात वायव्येकडून आग्नेयेकडे जमिनीच्या पोटात एक जुनी भेग आहे, तिच्यात दगड दगडावर घासून भरडला गेला. त्या भरडलेल्या वाटेने अब्जावधी वर्षांपूर्वी खोलातून गरम खारं पाणी वर आलं, त्याने ग्रॅनाइटचं क्लोराइट केलं आणि येताना तांबं आणलं. लोह, तांबं आणि कुठे कुठे थोडं सोनं अशा जातीची ही साठवण असावी, असं अभ्यासक म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं. 25 वर्षं मी ती बांधी नांगरतो आहे. माझ्या फाळाखाली काय आहे, ते मला पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर कोणीही काहीही सांगितलेलं नाही. पेट्या ट्रकात गेल्या. एका बोअरवर सिमेंटचा चौथरा करून नंबर टाकला, दुसऱ्याचा पाइप हातभर वर तसाच सोडला. आणि बीट थंड ठेवायला जे मातकट पाणी फिरवतात, त्यासाठी खणलेला आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि छातीइतका खोल खड्डा तसाच राहिला. तळाशी बेंटोनाइटचा, म्हणजे बोअरसाठी वापरतात त्या चिकणमातीचा, लोण्यासारखा गाळ. मी एप्रिलमध्ये सांगितलं, मेमध्ये सांगितलं, अर्ज दिला, पोच घेतली. मी स्वतः का बुजवला नाही, असं आपल्या कार्यालयातला कोणी विचारील. मी बुजवायला निघालो तेव्हा फोनवर सांगण्यात आलं की पाहणी व्हायची आहे, हात लावू नका.

पाहणी झाली नाही. पाऊस आला. बांधीत पाणी भरलं, खड्डा आणि बांधी एकसारखीच दिसू लागली. 9 जुलैला चिखलणी करताना माझा लाल्या मागच्या पायांनी त्यात गेला. मला जागा माहीत होती, मी वळवत होतो, पण चिखलात जोडी दोन हात सरकली आणि संपलं. गाळाने पाय धरला आणि त्याने जोर केला तसा तो मोडला. आवाज मी ऐकला. सहा माणसांनी दोर लावून दोन तासांनी वर काढला. जवळच्या दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर नव्हते. तीन दिवस तो गोठ्यात पडून होता. बायको त्याच्या तोंडाशी आंबोण नेत होती आणि तो मान फिरवत होता. चौथ्या दिवशी पहाटे गेला.

जोडी 95,000 ला घेतली होती, तीन वर्षांपूर्वी. एकट्या बैलाला नांगर नसतो. उरलेली चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरने केली, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जून झाली, रोवणी पंधरा दिवस मागे पडली. कार्यालयात गेलो तर म्हणाले, मेलेल्या जनावराचा पंचनामा आणा. मी म्हणालो, पुरलं. म्हणाले, पंचनाम्याआधी का पुरलं? मंत्रिमहोदय, जुलैच्या पावसात मेलेलं जनावर किती दिवस दारात ठेवायचं, हे कोणत्या शासन निर्णयात लिहिलं आहे ते कळवा. चंद्रपूरला सात खेपा झाल्या. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर जे 4,200 रुपये अजून मिळालेले नाहीत, त्यांच्याहून जास्त माझे खर्च झाले आहेत.

आता जरा तुमच्या कायद्याचं बोलू. मी तो पुतण्याच्या मोबाइलवर वाचला, मराठीत धड मिळत नाही. 1957 चा खाण आणि खनिज कायदा. त्यातलं 24 अ कलम म्हणतं की परवानाधारकाने जमीन कसणाऱ्याला भरपाई द्यायची. आणि कलम 4 म्हणतं की सरकारी संस्थांना शोधासाठी परवानाच लागत नाही. मग परवाना नाही तर परवानाधारक कोण, आणि भरपाई कोणी द्यायची? मी वकील नाही, पण हे भोक मला दिसलं आणि तुमच्या एवढ्या मोठ्या खात्याला दिसलं नाही?

दुसरं. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लिलावातल्या खाणीने रॉयल्टीच्या 10 टक्के आणि जुन्या खाणीने 30 टक्के खाणबाधित गावांसाठी द्यायचे. पण रॉयल्टी सुरू होते खाण चालू झाल्यावर. आमचं गाव वडिलांच्या काळापासून शोधबाधित आहे आणि शोधबाधित हा शब्द कायद्यात नाही. मुलीच्या लग्नासाठी एक एकर विकायला काढलं होतं. बयाणा घेऊन आलेला माणूस धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, परत गेला, म्हणाला, इथे उद्या खाण येईल, मी पैसे कशात अडकवू? भाऊ चार वर्षांपासून घराचा पाया घालू की नको करतो आहे. तांबं निघालं नाही तरी आमची जमीन अडकली आहे.

मी खाणीच्या विरोधात नाही, हे ठळक लिहितो, म्हणजे उद्या कोणी मला विकासाचा वैरी ठरवणार नाही. देशाला तांबं लागतं हे मला कळतं. आपल्या कारखान्यांना लागणारं तांब्याचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे तांब्याचा अंश वाढवलेली खनिजाची भुकटी, 90 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना 2018 मध्ये बंद पडल्यावर शुद्ध तांबंही आपण विकतो त्यापेक्षा जास्त विकत घेऊ लागलो. 2023 मध्ये केंद्राने महत्त्वाच्या 30 खनिजांच्या यादीत तांबं घातलं, आणि त्याच वर्षी कायदा बदलून खासगी कंपन्यांनाही खोलवरच्या खनिजांसाठी शोधाचा परवाना मिळू लागला. म्हणजे मशीनं आणखी येणार. प्रत्येक मशीनमागे असा एक खड्डा असणार.

पण शोध म्हणजे काय हे तरी लोकांना सांगा. तांबं दिसलं म्हणजे खाण झाली असं नसतं. जी-4, जी-3, जी-2, जी-1 अशा पायऱ्या आहेत, पुढच्या पायरीला बोअर जवळजवळ मारावे लागतात. मॅडम म्हणाल्या होत्या की दगडात एक टक्का तांबं असलं तरी खाणवाले विचार करतात. एक टक्का म्हणजे एका टनाला 10 किलो. उरलेला 990 किलो भुगा कुठे जाणार? त्यात पायराइट राहिलं तर हवा-पाण्याने त्याचं आम्ल होतं. ते आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात उतरलं तर धान कशावर पिकवायचं? खाण उघडी होणार की भुयारी? शेजारी बालाघाटात मलाजखंडला 1982 पासून उघडा खड्डा खोदत गेले आणि आता भुयारात उतरले. आमच्याकडे काय ठरलं आहे, की काहीच ठरलेलं नाही? ही भेग माझ्या बांधीखालून पुढे कुठे जाते, किती रुंद आहे, माझ्या कोअरमध्ये किती टक्के निघालं? पेट्या माझ्या जमिनीतून गेल्या, उत्तर माझ्याकडे आलं नाही.

नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय आहे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आहे, खनिज शोधणारी केंद्राची कंपनी आहे, तुमच्या राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. देशातलं दगडाचं एवढं ज्ञान एका शहरात, आमच्यापासून एका दिवसाच्या एसटीवर. त्यातला एक माणूस एक नकाशा घेऊन एक तास आमच्या ग्रामसभेत मराठीत बोलायला येऊ शकत नाही? अहवाल इंग्रजीत, लिलावाची सूचना इंग्रजीत, आणि मराठीत आला तो 'सदर बाब'चा कागद.

या जिल्ह्याने काय द्यायचं ठेवलं आहे? कोळसा दिला, चुनखडी दिली. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं, त्याची राख आमच्या हवेत आणि माझ्या मोटारीला लाइट रात्री. साप-विंचवाच्या अंधारात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो तेव्हा हीच वीज मुंबईला तुमच्या मंत्रालयात दिवसाढवळ्या जळत असते. घ्यायचं तेव्हा देशाचं काम, द्यायचं तेव्हा अखत्यारीत येत नाही. तलाठ्याकडे जा तर तो खनिकर्मकडे पाठवतो, खनिकर्मवाले कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार मुदत संपवून दुसऱ्या राज्यात मशीन लावून बसलेला. सात-बारावर माझं नाव आहे, पण जमिनीच्या बाबतीत शेवटी विचारतं कोण मला?

बैलाची भरपाई द्या. लाखोरीचे 4,200 द्या. पाइप कापून बोअर सिमेंटने बंद करा. ज्या ज्या शेतात बोअर झाला, त्या शेतकऱ्याला त्याच्या कोअरचा निकाल मराठीत लेखी द्या. आणि पथक शेतात उतरण्याआधी जमिनीचं नुकसान आणि भरपाई यांचा कागद ग्रामपंचायतीत झालाच पाहिजे, असा आदेश काढा. तुमच्या एका सहीचं काम आहे.

पोळा तोंडावर आला आहे. यंदा तोरणाखाली माझी जोडी नाही. दुसरा बैल, बाशा, अजून संध्याकाळी लाल्याच्या खुंट्याकडे बघून हंबरतो.

खड्डा आज सकाळपर्यंत तसाच आहे, पाण्याने काठोकाठ. मी त्याच्याभोवती बोरीच्या काट्या लावल्या आहेत. शाळेची पोरं त्याच धुऱ्यावरून जातात.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी
ता. पोंभुर्णा, जि. चंद्रपूर