लीड्सला जायच्या आधी: दमल्यावर तिथे काय म्हणायचं

प्रिय आई, बाबा,

सा. न. वि. वि.

आई, तू परवा म्हणालीस ना की क्लासमध्ये हाऊ आर यू, व्हॉट इज द प्राइस, व्हेअर इज द बस स्टॉप सगळं झालं पण "मला जरा बसायचंय" हे कुठल्याच धड्यात नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. म्हणून ऑफिसमधून ऐरोलीला घरी आल्यावर हे मोबाइलवरच लिहायला घेतलंय, लांब होणार आहे, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईन.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगते. तुम्ही दोघं दमलात असं कधी म्हणतच नाही. मराठीत पण नाही. बाबा, ठाणे स्टेशनचा पूल चढताना तुम्ही मधेच थांबता आणि इंडिकेटर बघत उभे राहता, आपल्याला कुठलीही गाडी पकडायची नसते, आपण रिक्षाला चाललेलो असतो. मला कळतं की तुम्ही दम घेताय, मग मी पण चपलेचा पट्टा नीट करत थांबते. आई, तू दमलीस की बोलणं बंद करतेस आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतेस, आणि तुझा तो चेहरा मी लहानपणापासून बघत आलेय म्हणून मला ओळखता येतो. पण तिकडे इंग्लंडमध्ये दादाच्या घरी वहिनीला कसा येणार? ती खूप प्रेमळ आहे, पण तिथेच वाढलेली आहे, ती विचारेल आर यू ऑलराइट, तुम्ही म्हणाल येस येस फाइन, आणि ती तुम्हाला अजून एक गार्डन दाखवायला नेईल. तिच्याकडे असंच आहे, माणूस जे म्हणतो ते खरं धरायचं. म्हणून तिथे तोंडाने सांगावं लागेल, आणि त्यासाठी ही वाक्यं बाकी सगळ्याच्या आधी पाठ करा असं मला मनापासून वाटतं. भाजीचे भाव नंतर.

चालताना थांबायचं असेल तर सगळ्यात सोपं, "कॅन वी स्टॉप फॉर अ बिट?" किंवा नुसतं "आय नीड अ मिनिट." बाबा, जिना चढताना "लेट मी कॅच माय ब्रेथ" म्हणा, म्हणजे दम घेऊ दे जरा. आपण "दम खा" म्हणतो त्याला ते "टेक अ ब्रेदर" म्हणतात, हे दादाचा मुलगा फुटबॉल खेळून आला की कानावर पडेल तुमच्या. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा बाबा, अँजिओप्लास्टी झालीय तुमची. चालून धाप लागली, दोन मिनिटं बसल्यावर गेली, तर ते ब्रेदर. बसूनही श्वास नीट येत नाहीये तर "आय ॲम शॉर्ट ऑफ ब्रेथ" असं म्हणायचं, आणि छातीत दुखत असेल तर "आय हॅव चेस्ट पेन", आणि त्या वेळी वाट बघायची नाही, दादा ऑफिसमधून येईपर्यंत तर अजिबातच नाही. तिकडे ॲम्ब्युलन्सचा नंबर 999, आणि तो आठवला नाही तर आपला 112 तिकडेही लागतो. फोनवर हीच दोन वाक्यं पुरतील, ते पुढचं विचारून घेतात.

आई, तू "टेक रेस्ट" म्हणतेस, आपल्याकडे सगळेच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. तिथले लोक "गेट सम रेस्ट" किंवा "हॅव अ रेस्ट" म्हणतात. तू टेक रेस्ट म्हणालीस तरी कळेल सगळ्यांना, त्यासाठी बोलता बोलता अडखळू नकोस.

वहिनीची आई भेटायला येतील तेव्हा "सिट डाऊन, पुट युवर फीट अप" असं म्हणतील. ह्याचा अर्थ पाय वर घेऊन बसा असा हुकूम नाही, म्हणजे घेतले वर तर चालतंच, पण म्हणायचं असतं की आता काही करू नका, निवांत बसा. त्यावर उठून किचनमध्ये मदतीला जायचं नसतं आई. हे तुला सगळ्यात अवघड जाणार आहे, मला माहितीये. तू ज्या घरात सून म्हणून आलीस तिथे बसलेली बाई म्हणजे आळशी बाई असं होतं, म्हणून तू बसलीस ती कायम हातात काहीतरी घेऊनच बसलीस, तांदूळ निवडत, मेथी निवडत, आमच्या युनिफॉर्मला बटण लावत. नुसतं बसलेलं तुला मी पाहिलंय ते आजारपणात, आणि तेव्हाही तू "काही नाही गं, उठतेच आता" म्हणत होतीस. तिथे तुझ्या बसण्याकडे कोणी त्या नजरेने बघणार नाहीये. "थँक यू, आय विल" एवढंच म्हण आणि बस. आणि तुला स्वतःहून बसावंसं वाटलं तर "आय'ल जस्ट हॅव अ सिट-डाऊन", आडवं व्हायचं असेल तर "आय'ल हॅव अ लाय-डाऊन". आपण जे म्हणतो ना जरा पाठ टेकते, अगदी तेच. सॉरी लावायचं नाही मागे, गुडघे दुखतायत म्हणून वगैरे कारण पण द्यायचं नाही. कारण कोणी विचारतच नाही.

मग त्या म्हणतील "शॅल आय पुट द केटल ऑन?" म्हणजे चहा टाकू का. हो म्हणा, तिथे सगळी कामं थांबवायचं निमित्त म्हणजे चहा, त्या बाबतीत आपल्यासारखेच आहेत ते लोक. पण लीड्स यॉर्कशायरमध्ये आहे आणि इंग्लंडच्या त्या उत्तरेकडच्या भागात बरेच लोक संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात, आणि काही जण दुपारच्या जेवणाला डिनर. म्हणजे कोणी "कम फॉर युवर टी" म्हणालं तर ते पोटभर जेवायला बोलावत असू शकतात. बाबा, तुमची शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, त्यामुळे लाजू नका, सरळ विचारा, "व्हॉट टाइम विल वी ईट?" चहाच्या भरवशावर गोळी पुढे ढकलू नका किंवा आधीच घेऊन बसू नका.

झोपेचं तर वेगळंच. तुम्ही मे महिन्यात जाताय, तेव्हा तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. म्हणजे बाबांची पहाटे पाचची जाग तिथे रात्री साडेबाराला येणार, आणि संध्याकाळी सहाला, बाहेर लख्ख ऊन असताना, तुमच्या अंगात रात्रीचे साडेदहा वाजलेले असणार. पहिले काही दिवस असं होईलच, घाबरू नका. संध्याकाळी डोळे मिटायला लागले की "आय थिंक आय'ल टर्न इन" म्हणायचं, झोपायला जातो आता. सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचं असेल तर त्याला तिकडे "लाय-इन" म्हणतात, आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं, "वी'ल हॅव अ लाय-इन टुमारो", म्हणजे वहिनी काळजी करत दार वाजवणार नाही. (अमेरिकेत ह्यालाच स्लीप इन म्हणतात, मावशी तो शब्द वापरते.) ओव्हरस्लेप्ट वेगळं, ते गजर न ऐकू येऊन उशीर झाला तर. बाबांच्या वामकुक्षीला "नॅप" म्हणा, कोणी गमतीत "फॉर्टी विंक्स" म्हणेल, तेच ते. टीव्ही बघता बघता डुलकी लागली तर "आय नॉडेड ऑफ".

आता सुट्टी. हे बाबांसाठी खास लिहितेय. आपण "आज माझा ऑफ डे आहे" म्हणतो, पण तिकडे "आय ॲम हॅविंग ॲन ऑफ डे" म्हणजे आजचा दिवस वाईट चाललाय, काही धड होत नाहीये. सुट्टी असेल तर "इट्स माय डे ऑफ". शब्दांची जागा बदलली की अर्थच बदलतो, म्हणून दादाला सुट्टी आहे असं कोणाला सांगताना डे ऑफच म्हणा.

बाबा, वीकली ऑफ म्हटलं की मला नारायण मेघाजी लोखंडेच आठवतात, कारण त्यांचं नाव मी शाळेत नाही, तुमच्या तोंडून ऐकलं. ते आपल्या ठाण्यात जन्मले, 1848 साली, हे तुम्ही केवढ्या अभिमानाने सांगायचात. गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती, त्यांनी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरण्यांमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. 2005 मध्ये त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं. हे सगळं तुम्ही सांगायचात आणि तुमचा स्वतःचा रविवार ओव्हरटाइमला जायचा, कारण आमची फी, दादाचं इंजिनिअरिंग, घराचा हप्ता. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी परत डबा घेऊन कळव्याच्या पुलावरून बेलापूर रोडच्या बसने जाताना मी गॅलरीतून बघितलाय. तेव्हा तुम्हाला कोणी थांबा म्हणालं नाही, आम्हाला तर समजतही नव्हतं. आता तुम्ही रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सोसायटीच्या पंपापासून शेजाऱ्यांच्या लाइट बिलापर्यंत सगळं अंगावर घेता. तुमच्यासाठी वाक्य आहे "लेट्स कॉल इट अ डे". आजच्यापुरतं बास, काम अर्धं राहिलं असलं तरी. दादाच्या बागेतली फळी ठोकायला घ्याल, मला खात्री आहे, तेव्हा संध्याकाळ झाली की हे म्हणायचं आणि हातोडी खाली ठेवायची. आई, रात्री ओटा आवरताना तू पण.

बोलतानाही थांबवावं लागतं लोकांना. यॉर्कशायरचे लोक भरभर बोलतात, दादालाच पहिले काही महिने कळायचं नाही. "कुड यू स्लो डाऊन अ लिटल?" म्हणा, हसून म्हणा, ते लगेच हळू बोलतात. आई, तू हात वर करून "वेट वेट" म्हणतेस ते नातवाला ठीक आहे, पण परक्या माणसाला नुसतं वेट म्हटलं की दटावल्यासारखं वाटतं, त्याऐवजी "हँग ऑन" किंवा "जस्ट अ मोमेंट, प्लीज". आणि बँकेतून वगैरे फोन आला आणि कोणी "बेअर विथ मी" म्हणालं तर अस्वलाचा काही संबंध नाही, जरा थांबा, बघून सांगते असं म्हणतात ते.

विमानात दर थोड्या वेळाने उठायचंच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. बाजूच्याला म्हणायचं "एक्स्क्यूज मी, आय नीड टू स्ट्रेच माय लेग्ज", म्हणजे पाय मोकळे करायचेत. व्हीलचेअर असिस्टन्स मी एअरलाइनला कळवते, निदान 48 तास आधी सांगावं लागतं. बाबा, प्लीज नाही म्हणू नका. मँचेस्टरच्या एअरपोर्टवर चालायचं अंतर बरंच आहे, रात्रभराचा प्रवास झालेला असेल आणि ही सोय तिथे फुकट असते, कोणावर उपकार नाही. "वी हॅव असिस्टन्स बुक्ड" एवढं सांगा आणि बसा खुर्चीत. तुम्ही बसलात तर आईही बसेल, नाहीतर ती तुमच्यामागे बॅग ओढत चालत राहणार, गुडघा कसाही असो.

सरावासाठी तलावपाळी आहेच की. संध्याकाळच्या फेरीत आई, तू बाबांना विचार "शॅल वी सिट डाऊन?" आणि बाबा, तुम्ही "गुड आयडिया" म्हणून खरंच बसायचं, फेरी पूर्ण करून मग बसू असं नाही. लोक बघतील, बघू देत. तोंडाला सवय लागली पाहिजे, कारण दमलेलं असताना नवीन वाक्य आठवत नाही, मराठीतही नाही आठवत.

रविवारी येते मी, प्रिंट आणि औषधांच्या पिशव्या घेऊन. बाबा, डॉक्टरांकडून इंग्लिशमध्ये लिहिलेलं पत्र आणि गोळ्यांची नावं तोवर आणून ठेवा, आणि इन्शुरन्सचा फॉर्म मी आल्याशिवाय भरू नका, हार्टचं सगळं त्यात नीट लिहावं लागतं. आई, शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल करते, सिट-डाऊन, लाय-डाऊन आणि लाय-इन ही तीन वाक्यं न बघता म्हणून दाखव, आणि बाबांना पण समोर बसव, त्यांची शॉर्ट ऑफ ब्रेथ आणि 999 ची परीक्षा मी घेणार आहे.

तुमची,
ताई