टॅब लोगोवर अडकलाय, पण नक्ष्या अजून आत आहेत

सोलापूर, रविवार

प्रिय माऊ,
अनेक आशीर्वाद.

टॅबचं फॅक्टरी रीसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्यासारखा कोरा करणं, ते करू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण हॉस्टेलवरचं कुणी कितीही खात्रीने सांगत असलं तरी तेवढं करायचं नाही. फोनवर तू घाबरलेली होतीस आणि फोनवर सांगितलेलं अर्धं डोक्यातून जातं, म्हणून लिहून पाठवतोय. पत्र शेजारी ठेव आणि एकेक करत जा.

टॅब मेलेला नाही. तो चालू व्हायला बघतोय, मध्येच कुठंतरी अडतोय आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोय. आजोबांच्या जकार्ड मागाची, नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं तू पाहिली आहेस, दोरीनं ओवून टोकाला टोक जोडलेली माळ. त्यातलं एक कार्ड फाटलं की चादरीची नक्षी दर फेऱ्याला त्याच जागी बिघडायची. आजोबा तेवढं कार्ड शोधून नवं पंच करायचे, अख्खी माळ काही टाकून देत नसत. टॅबमध्येही एकामागून एक गोष्टी जाग्या होतात. आधी बूटलोडर, म्हणजे बाकीच्यांना उठवणारा छोटा प्रोग्राम, मग कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, मग अँड्रॉइडची मुख्य सिस्टम आणि सगळ्यात शेवटी तुझी ॲप्स. अडतंय कुठं ते आधी कळायला हवं.

म्हणून काही दाबण्याआधी नुसतं बघ. कंपनीचं नाव येऊन लगेच स्क्रीन काळी होते का? तसं असेल तर अडचण अगदी सुरुवातीला आहे, म्हणजे बॅटरी, अडकलेलं पॉवर बटण किंवा बोर्ड. नाव जाऊन हलणारा लोगो येतो आणि बराच वेळ फिरून पुन्हा नाव येतं का? मग सिस्टम वर येतेय, पण तिला काहीतरी पुरं करता येत नाहीये. लॉकस्क्रीन दिसून बंद होतो का? मग एखादं ॲप किंवा बॅटरी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो आणि यातूनच निम्मं निदान होतं. जमलं तर मैत्रिणीच्या फोनवर याचा व्हिडिओ काढून मला पाठव.

मला संशय आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. ‘स्टोरेज फुल’ असं येतंय म्हणून तू महिनाभर सांगत होतीस आणि त्यातच अपडेट आलं. आतली जागा पार संपली की सिस्टमला सुरू होताना लागणाऱ्या लहानसहान फाइलीसुद्धा लिहिता येत नाहीत. मग ती तिथंच कोसळते आणि पुन्हा उठते.

आता कामाला लाग. कव्हर काढ, घट्ट कव्हरानं पॉवर बटण दाबलेलं राहतं. मेमरी कार्ड काढून वेगळं ठेव. पॉवर बटण 20 सेकंद दाबून धर, बंद झाला तर टॅबबरोबर आलेल्याच चार्जरला तासभर लाव. बॅटरी थकलेली असली की सुरू होतानाच्या ओढीला व्होल्टेज खाली बसतं आणि टॅब तिथंच बंद पडतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, त्या उन्हात गच्चीवर चित्रं काढत बसायचीस तू. उष्णतेनं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जर लावलेला असताना टॅब नीट चालला आणि काढला की फेरे सुरू झाले, तर दोष बॅटरीचा धर. ती बदलता येते आणि आतलं काही जात नाही.

तेवढ्यानं नाही झालं तर रिकव्हरी, म्हणजे टॅब सुरू होत नसताना दुरुस्तीसाठी उघडणारा वेगळा मेनू. टॅब बंद असताना पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकत्र धर. काही नव्या टॅबना त्याच वेळी केबलनं लॅपटॉपही जोडलेला लागतो. मेनू आला की व्हॉल्यूमनं वरखाली जायचं आणि पॉवरनं निवडायचं. ‘वाइप कॅश पार्टिशन’ असेल तर ते निवड, त्यात सिस्टमच्या तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात, तुझं काही जात नाही. पण ‘वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट’ बहुतेक वेळा त्याच्या अगदी शेजारी असतं. दाबण्याआधी ओळ दोनदा वाच. कॅशची ओळच नसेल तर ‘रीबूट सिस्टम नाऊ’ करून बाहेर ये. अँड्रॉइड 8 पासून सिस्टम वारंवार कोसळली की ती स्वतःच डेटा बिघडला असावा असं सांगून रीसेट सुचवते. तिथं ‘ट्राय अगेन’ही असतं, तेच निवड.

पुढं सेफ मोड. लोगो दिसताच व्हॉल्यूम कमी करायचं बटण धरून ठेव. तू टाकलेली ॲप्स त्यात झोपलेली राहतात. टॅब उघडला तर लगेच चित्रं नि व्हिडिओ केबलनं लॅपटॉपवर घे, मग जागा रिकामी कर, मग साधा सुरू करून बघ.

एवढा जीव टाकून रीसेटला का अडवतोय ते सांगतो. ग्राफपेपरचे फोटो बहुधा गूगल फोटोजमध्ये गेलेले असतील, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तुझं खातं उघडून आजच खात्री कर. पण अशोक चौकातल्या मास्तरांपाशी बसून तू चौकट चौकट उतरवलेल्या नक्ष्या चित्रकलेच्या ॲपच्या स्वतःच्या जागेत आहेत, त्या फोटोंच्या बॅकअपमध्ये जात नाहीत. टॅबमधलं सगळं एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली त्याच टॅबच्या बोर्डाशी बांधलेली असते. रीसेट झाला की किल्ली गेली. त्यानंतर कुणी चिप काढून डेटा देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नकोस.

तिथल्या दुकानात गेलीस तर ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतील. आधी विचार, डेटा राहणार का? काही टॅबवर डेटाला हात न लावता नुसती सिस्टम पुन्हा चढवता येते, पण ते मॉडेल बघून आणि काळजीनं करावं लागतं. बूटलोडर अनलॉक करू म्हणाले तर सरळ उचलून आण, त्यात आतलं सगळं पुसलं जातं.

यातलं काहीच चाललं नाही तर पुढचं काही करू नकोस. बंद करून मऊ कपड्यात गुंडाळ आणि शनिवारी येताना आण. मास्तरांनी एवढ्या विश्वासानं जुने कागद तुझ्या हाती दिले, त्यांच्या नक्ष्यांसाठी मी दिवसभर दुकान बाजूला ठेवून बसेन. पिन आणि गूगलचा पासवर्ड आठवून ठेव, आणि चार्जर विसरू नकोस.

तुझे
बाबा