रोजच्या चार चौकटींना हक्काची जागा हवी

महोदय,

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचणारा तरुण वर्ग आता महाराष्ट्रातही आहे, परंतु त्याच्या बोलण्यात येतात ते बहुधा साहसाचे, युद्धाचे आणि अद्भुताचे मांगा. चित्रकर्त्या माचिको हासेगावा (1920-1992) यांचे नाव त्यात क्वचितच निघते, याची मला खंत वाटते. वृत्तपत्रातील चार चौकटींची रोजची चित्रमालिका निव्वळ घरगुती आयुष्याच्या बळावर कुठवर जाऊ शकते, हे त्यांच्या कारकिर्दीइतके स्पष्ट मला अन्यत्र दिसलेले नाही.

सागा प्रांतात जन्मलेल्या हासेगावा वडिलांच्या निधनानंतर आई आणि बहिणींसह टोकियोला आल्या व किशोरवयातच सुइहो तागावा या नामांकित चित्रकारांकडे शिकल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब फुकुओका येथे राहायला गेले आणि तेथील एका सायंदैनिकात 22 एप्रिल 1946 रोजी त्यांची 'साझाए-सान' ही चित्रमालिका सुरू झाली. साझाए ही धांदरट, मोकळेपणाने हसणारी, मनातले तोंडावर बोलणारी तरुणी. पराभवानंतरचे रेशन, काळा बाजार आणि सरपणाची टंचाई हेच सुरुवातीच्या विनोदाचे साहित्य होते. लग्नानंतर तिचा नवरा मासुओ सरपणासाठी भाड्याच्या घराचे कुंपणच करवतीने कापू लागतो, घरमालक संतापतो आणि ते जोडपे साझाएच्या माहेरी राहायला येते. जावई आपले आडनाव राखून सासऱ्यांच्या घरात नांदतो, त्यामुळे सासू-सुनेच्या ठरीव भांडणाला मालिकेत जागाच उरत नाही आणि विवाहित मुलगी स्वतःच्या आईवडिलांसमोर हवे तसे वागू-बोलू शकते. त्या काळातील जपानी कुटुंबव्यवस्था लक्षात घेता ही रचना मला फार धीट वाटते.

1949 मध्ये ही मालिका 'असाही शिंबुन' या मोठ्या दैनिकाकडे आली आणि आजारपणाच्या खंडांसह फेब्रुवारी 1974 पर्यंत चालली. एकूण चित्रकथा सहा हजारांहून अधिक भरल्या. घरात दूरचित्रवाणी संच आला, प्रदूषण वाढले, स्त्रियांच्या हक्कांची चर्चा सुरू झाली, तसतसे ते सारे चौकटींत उतरत गेले. 1969 पासून दर रविवारी संध्याकाळी दाखवल्या जाणाऱ्या तिच्या सचेतपट (अ‍ॅनिमेशन) मालिकेने दीर्घकाळ चालण्याचा जागतिक विक्रम केला आहे. तरीही माझ्या मते मूळ चित्रमालिकाच श्रेष्ठ, कारण ती त्या-त्या दिवसाच्या बातम्यांशेजारी छापली जात होती.

हासेगावा यांनी आपल्या निर्मितीवरचा हक्कही सोडला नाही. थोरल्या बहिणीसह त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पहिला खंड मोठ्या आकाराचा असल्याने दुकानदारांना तो मांडणे गैरसोयीचे झाले आणि प्रती परत आल्या; दुसरा लहान आकारात काढल्यावर तो खपला व पाठोपाठ पहिल्यालाही मागणी आली. पुढे एका बस कंपनीने परवानगीविना साझाएच्या कुटुंबाचे चेहरे गाड्यांवर रंगवले, तेव्हा 1976 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने हासेगावा यांच्या बाजूने निकाल दिला.

मराठी वाचकाला अशा मालिकेची गोडी नाही, असे कुणी म्हणू नये. 1991 मध्ये सुरू झालेल्या 'चिंटू'साठी घरोघरी आधी आतले पान उघडले जाई. माझी आपणांस विनंती आहे की आपल्या दैनिकात रोज एका ठरावीक जागी मराठी घरातली चित्रमालिका सुरू करावी. ती शक्यतो एखाद्या नव्या चित्रकर्तीकडे सोपवावी. पात्रे वाचकांच्या ओळखीची व्हायला वेळ लागतो, म्हणून किमान दोन-तीन वर्षे ती बंद करू नये, आजारपणात चित्रकर्तीला सुट्टी मिळावी आणि पात्रांचे हक्क तिच्याचकडे राहावेत. जाहिरातींच्या गर्दीत चार चौकटींपुरती जागा काढणे आपणांस अशक्य नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, सातारा