रस्ता रुंद होण्याआधी जमिनीचे ठरवा

संपादक महोदय,

वस्ती-सुधारणेवरची आपली लेखमाला मी कात्रणे काढून ठेवत वाचली. रस्ते, बाग, गटारे, दिवे, सगळे त्यात आले. आज तिथे राहणारी माणसे सुधारणा झाल्यावर कुठे असतील, हे मात्र एकाही भागात आले नाही. त्याबद्दल लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. मी ३१ वर्षे टपाल वाटले आणि त्यातली शेवटची १९ एकाच बीटवर, म्हणजे वाटपाच्या त्याच ठरलेल्या गल्ल्यांत.

वस्ती उठू लागली की ते पोस्टमनला लवकर कळते. आधी पत्ता बदलल्याचे अर्ज येतात. पुढे अर्जही येईनासे होतात. पत्र घेऊन गेलो की अनोळखी माणूस दार उघडतो, ‘ते सोडून गेले’ म्हणतो, आणि पाकिटावर तसा शेरा मारून ते परत पाठवावे लागते. माझ्या बीटवर रस्ता रुंद झाला, बाग झाली. त्यानंतरच्या तीन वर्षांत ३६ दारांच्या एका गल्लीत २१ दारांवरची नावे बदलली. कोणी कोणाला हात धरून बाहेर काढले नव्हते. भाडे वाढले, मालकाने घर विकले, नव्या मालकाला ते रिकामे हवे होते, एवढेच. बागेच्या मागणीसाठी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना त्या बागेत जेमतेम वर्षभर बसायला मिळाले. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि गिऱ्हाइके इथेच राहिली. निवृत्तिवेतनाच्या पत्राची वाट पाहत एक आजोबा दोन बस बदलून जुन्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहत. नवा पत्ता द्या म्हटले की म्हणत, ‘तो माझा नाही.’

कोणाचे दार बंद असले तर पाकीट शेजारी कोणाकडे द्यायचे, हे मला पाठ होते. कोण कोणाची किल्ली सांभाळते, कोणाचे मूल शाळेतून आल्यावर कोणाकडे बसते, कोणाला पत्र वाचून दाखवावे लागते. ही माणसे वेगवेगळ्या दिशांना पांगली की त्यांना मिळालेली नवी घरे कितीही चांगली असोत, हे सगळे पुन्हा शून्यापासून जोडावे लागते. सत्तरीतल्या माणसाकडून ते जोडून होत नाही. मी पाहिले आहे.

निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसून याला उपाय काय ते शोधू लागलो, आणि एका ठिकाणी अचानक विनोबांचे नाव भेटले. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि त्यातून पुढे ग्रामदानाचा विचार निघाला: जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. राल्फ बोर्सोडी आणि रॉबर्ट स्वान या दोन अमेरिकनांनी तो विचार उचलला. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मतदानाचा हक्क मागितला म्हणून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले होते. तिथल्या कार्यकर्त्यांनी स्वान यांच्या साथीने १९६९ मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढली आणि सुमारे ५,७०० एकर जमीन सामाईक मालकीत घेतली. आज जगभर ज्याला सामुदायिक भूमी न्यास (ट्रस्ट) म्हणतात त्याचा हा पहिला नमुना. ती जमीन पुढे दुष्काळ आणि कर्जापायी १९८५ मध्ये गेली, हेही सांगितले पाहिजे. जे हा मार्ग धरतील त्यांनी कर्जाच्या अटी डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात.

व्यवस्था समजायला अवघड नाही. जमीन न्यासाची, आणि न्यास ती पुन्हा कधीच विकत नाही. वरचे घर कुटुंबाचे. जमिनीचा भाडेपट्टा बहुतेक ठिकाणी ९९ वर्षांचा असतो आणि तो वारसांना मिळतो. घर विकायचे झाले तर किंमत ठरलेल्या सूत्रानेच निघते. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ मध्ये नगरपालिकेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या न्यासात विकणाऱ्याला त्याने घातलेले पैसे परत मिळतात आणि घराच्या वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्सा मिळतो. बाकीची वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या साध्या कमाईच्या कुटुंबालाही ते परवडते. ‘मग मालकाचा फायदा बुडाला की!’ असे आमच्या इमारतीतल्या एका तरुणाने मला ऐकवले. मी त्याला विचारले, आज भाड्याने राहून तुझा कोणता फायदा साठतो आहे? माझ्या मते चौथा हिस्सा आणि आयुष्यभराची निश्चिंती हा उत्तम सौदा आहे. न्यासाचा कारभारही कोणा एकाच्या मुठीत नसतो. कार्यकारिणीत साधारण एक तृतीयांश तिथले रहिवासी, एक तृतीयांश आजूबाजूच्या वस्तीतले लोक आणि उरलेले जाणकार असतात.

मला सर्वांत पटलेले उदाहरण मात्र प्वेर्तो रिकोच्या सान हुआन शहरातले आहे. तिथे मार्तिन पेन्या नावाचा एक प्रवाह गाळ आणि कचऱ्याने तुंबला होता आणि मोठा पाऊस झाला की घाण पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरत असे. सरकारने तो उपसायचे ठरवले. रहिवाशांना उपसा हवाच होता. पण त्यांनी पुढचा हिशेब केला: पाणी स्वच्छ झाले की या जमिनीला सोन्याचा भाव येणार आणि आपण इथून जाणार. म्हणून उपशाआधी जमिनीचे ठरवा, असा त्यांनी आग्रह धरला. गल्लोगल्ली शेकडो बैठका झाल्या आणि २००४ मध्ये कायदा होऊन सुमारे २०० एकर सरकारी जमीन रहिवाशांच्या न्यासाकडे आली. २००९ मध्ये कायदा बदलून ती काढून घेतली गेली. लोक चार वर्षे लढले आणि २०१३ मध्ये त्यांनी ती परत मिळवली.

‘उपशाआधी’ हा शब्द मी कात्रणांच्या वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. योजना जाहीर झाल्यावर जमिनीचा भाव दर महिन्याला लोकांच्या हाताबाहेर जातो. त्यानंतर सवलतीची चार घरे बांधून गेलेली माणसे परत येत नाहीत. न्यूयॉर्कच्या कूपर स्क्वेअर भागावर १९५९ मध्ये पाडकामाची योजना आली. तेव्हा तिथल्या रहिवाशांनी विरोधावर न थांबता १९६१ मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडा तयार केला. पुढे अनेक दशके त्यासाठी झगडून त्यांनी तिथली जमीन न्यासात आणली.

आता आमच्याबद्दल. मी राहतो ती १४ बिऱ्हाडांची भाड्याची इमारत आहे आणि पुढच्या सुधारणेच्या आराखड्यात आमचा रस्ता आहे. मालकीणबाई वृद्ध आहेत, त्यांना इमारत विकायची आहे. बाहेरचे गिऱ्हाईक दारात असताना त्यांनी आधी आम्हाला विचारले आणि वर्षअखेरपर्यंत मुदत दिली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात भाडेकरूंना इमारत विकत घेण्याचा हा पहिला हक्क १९८० मध्ये कायद्यानेच मिळाला. आम्हाला तो एका माणसाच्या भलेपणाने मिळाला. १४ पैकी ११ घरे दरमहा वर्गणी जमा करत आहेत. उरलेल्या तिघांना भीती वाटते, आणि ती रास्त आहे. त्यांना दाखवण्यासारखा एकही कायदेशीर कागद आमच्याकडे नाही.

म्हणून दोन विनंत्या. यापुढे एखाद्या वस्तीच्या सुधारणेची बातमी छापताना, तिथली जमीन कोणाची आहे आणि भाडेकरू किती आहेत, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे. दुसरी विनंती वाचकांना. जमिनीची मालकी न्यासाकडे आणि घरे कुटुंबांकडे, असा करारनामा लिहून देऊ शकणारे वकील आणि त्याचा हिशेब बसवून देणारे लेखापाल आम्हाला हवे आहेत. आपल्या कार्यालयामार्फत पत्र आले तरी चालेल. आम्ही दर रविवारी सकाळी दहा वाजता जिन्याखाली जमतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोस्टमन