लढाऊ विमानाच्या नाकात तबकडी गरगरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लढाऊ विमानांच्या रडारवरचा लेख वाचला आणि अतिशय संताप आला. एसा, म्हणजे झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवणाऱ्या आधुनिक रडारची तबकडी ‘इतक्या वेगाने फिरते की डोळ्यांना दिसत नाही’, असे आपण छापले आहे. सोबत चित्र दिले आहे ते विमानतळावरच्या गोल फिरणाऱ्या अँटेनाचे. पुढे ‘हेच रडार आपल्या सुखोईवर आहे’ आणि ‘वैमानिकाला चारही दिशा एकाच वेळी दिसतात’, अशी आणखी दोन विधाने. तिन्ही चूक आहेत. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय ज्या नागपुरात आहे, तिथल्या वर्तमानपत्राला विचारायला एकही निवृत्त तंत्रज्ञ सापडू नये?

या रडारला टेहळणीसाठी काहीही फिरवावे लागत नाही, हेच तर त्याचे मोठेपण. विमानाच्या नाकात एक सपाट पृष्ठभाग असतो आणि त्यावर शेकडो, कुठे हजाराहून अधिक, छोटी मोड्यूल बसवलेली असतात. प्रत्येक मोड्यूल स्वतः लहर सोडते आणि परत आलेली टिपते. तरंगलांबी साधारण ३ सेंटिमीटर, म्हणून दोन मोड्यूलमधले अंतर दीड सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा लहर सोडली की सगळ्यांची मिळून झालेली लहर तिरकी निघते. कवायतीच्या मैदानावर एका ओळीतल्या जवानांनी डावीकडून एकामागोमाग जरा उशिराने पाऊल उचलले, तर ओळ तिरकी होऊन पुढे सरकेल, तसेच हे. उशीर किती ठेवायचा ते संगणक ठरवतो, आणि झोत काही मायक्रोसेकंदांत दुसरीकडे वळतो. जुन्या रडारमध्ये तेवढ्यासाठी मोटारीने अख्खी तबकडी वळवावी लागे.

सुखोई-३० एमकेआयवर ‘बार्स’ रडार आहे. त्यातही झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच वळतो, पण लहरी पुरवणारा ट्रान्समीटर सर्वांना मिळून एक. अशा रडारला पेसा म्हणतात. एसा आहे राफेलवर. त्यातली पहिली पाच विमाने २०२० च्या जुलैत अंबाल्याला उतरली तेव्हा आपणच पानभर फोटो छापले होते. चारही दिशांचे म्हणाल तर पक्क्या बसवलेल्या पृष्ठभागाला समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ६० अंशांपर्यंतच नीट दिसते. पलीकडे झोत पसरट आणि दुबळा होतो. युरोफायटर या युरोपीय लढाऊ विमानाच्या नव्या रडारमध्ये पृष्ठभाग वळवण्याची सोय ठेवली आहे ती हा टापू वाढवण्यासाठी, गरगर फिरण्यासाठी नव्हे. आणि डीआरडीओच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेने ‘उत्तम’ हे आपले स्वतःचे एसा रडार तयार केले, तेजसवर बसवून उडवले, त्याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही!

मी वायुसेनेत रडार फिटर होतो, म्हणून सर्वांत जास्त खटकले ते वेगळेच. दुरुस्तीबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. पूर्वेकडच्या एका तळावर, ऐन पावसाळ्यात, सरावाच्या आदल्या संध्याकाळी वैमानिकाने स्नॅग, म्हणजे बिघाड लिहिला : रडारवर काहीच येत नाही. आम्ही रेडोम, म्हणजे रडारवरचे नाकाचे आवरण उघडले. हाय व्होल्टेजचे काम. आधी साठलेला विद्युतभार काढून टाकणारा डिस्चार्ज रॉड लावायचा, मगच हात घालायचा. वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीत, ओलसर हवा शिरली की आत ठिणग्या पडतात, म्हणून पहिला संशय तिथे. ते ठीक निघाले. गेली होती ट्रान्समीटरची, म्हणजे लहरी निर्माण करणारी नळी, आणि भांडारात दुसरी नव्हती. रात्रभर खपलो. इंजिन धडधाकट, शस्त्रे तयार, वैमानिक तयार, पण एका नळीपायी विमान आंधळे. सकाळी बाकीची विमाने उडाली आणि आमचे हँगरात राहिले. आमचे सार्जंट दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

एसा रडारमध्ये काही मोड्यूल निकामी झाली तरी उरलेली काम करत राहतात. पल्ला थोडा घटतो, विमान उडते. त्या रात्री हँगरात राबलेल्या कोणालाही विचारा, यापेक्षा मोठी बातमी कोणती? अर्थात नवे दुखणेही आहे. इतकी मोड्यूल दाटीवाटीने बसली की प्रचंड तापतात. त्यांच्यामागून द्रव खेळवून ती थंड ठेवावी लागतात. गळती शोधणे, पंप सांभाळणे हे आता नव्या मुलांचे काम. मोड्यूलच्या चिपसाठी गॅलियम आर्सेनाइड या पदार्थाच्या जागी गॅलियम नायट्राइड येत आहे, त्यातून ताकद अधिक मिळते आणि तो जास्त उष्णता सोसतो. पुरवणीच्या दोन पानांत याला चार ओळी मिळाल्या असत्या तर काय बिघडले असते?

आमच्या शेजारचा मुलगा एनडीएची तयारी करतो. काल संध्याकाळी कागदावर आकृती काढून त्याला हे सगळे समजावले. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, “पण आबाजी, पेपरात तं फिरते म्हणून लिहिलं आहे न!” ज्या यंत्रांवर मी उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्याबाबतीत त्याला माझ्यापेक्षा तुमचे छापील अक्षर खरे वाटले. उद्या मुलाखतीत रडारबद्दल विचारले आणि त्याने तुमचे वाक्य सांगितले, तर नुकसान त्याचे होईल. तुमच्या लेखकाचे काय जाणार आहे?

तेव्हा विनंती अशी की, दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. आतल्या पानावर तळाशी बारीक टाइपात ती कोणी वाचत नाही. शिवाय दर आठवड्याला येणारे विज्ञानाचे पान आपण बंद केले आणि तिथे फ्लॅटच्या जाहिराती सुरू केल्या. ते पान मुले कापून वहीत चिकटवत असत. ते का बंद केले, हे वाचकांना अजून कळलेले नाही, तेही सांगावे.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक,
सोमलवाडा, नागपूर