जुन्या कोब्यावरची फरशी का डुगडुगते?

महोदय,

पावसाळा सरला की बंगले, रो-हाऊस आणि जुन्या सोसायट्यांच्या आवारात एक काम हमखास निघतं. अंगणातल्या जुन्या काँक्रीटवर शहाबादी किंवा पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि कुंड्या, झोपाळा, चार खुर्च्यांसाठी नीटस जागा करायची. कोबा न फोडता वरून फरशी टाकायला काहीच हरकत नाही. राडारोडा उचलण्याचा खर्च वाचतो आणि वर्षानुवर्षं दबून बसलेला पाया आयता मिळतो. पण पुढच्याच पावसाळ्यात फरश्या डुगडुगायला लागल्या, सांध्यांतून पांढरा लोणा फुटला की खापर दगडावर फुटतं. मातीवर बसवलेल्या फरशीखालचं पाणी जमिनीत मुरतं, काँक्रीट मात्र पाणी पीत नाही. ते पाणी कुठून बाहेर जाणार, हे आधी ठरवलं नाही तर दगड कितीही चांगला आणा, व्हायचं तेच होतं.

आधी कोबा हातोडीने ठोकून पाहावा. आवाज बद्द येतो तेवढा तुकडा काढून पुन्हा भरावा. केसासारख्या बारीक भेगांची काळजी नको. भेगेची एक कड दुसरीपेक्षा वर आली असेल, तर मात्र खालची भर खचली आहे असं समजावं. त्यावर कितीही जाड माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) टाकला, तरी वरची फरशी त्याच रेषेत तडकणार.

मग उंचीचा हिशेब. एक ते सव्वा इंच माल आणि सव्वा इंच दगड म्हणजे जवळपास अडीच इंच जागा जाते. नवी फरशी घराच्या जोत्याखाली किमान सहा इंच राहिली पाहिजे, नाहीतर पावसाचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या थरात ओल धरून ठेवतात. अडीच इंच चढल्यावर पायरीचं काय होतं, हे सहसा कुणी मोजत नाही. सहा इंचांची पहिली पायरी साडेतीन इंचांची उरते आणि घरातलं म्हातारं माणूस नेमकं तिथेच अडखळतं. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणंही चौकटीसकट वर उचलून घ्यावीत. फरशीखाली गाडलेलं चेंबर तुंबलं की सगळंच उखडावं लागतं.

ढाळ घरापासून बाहेर, दहा फुटांना दीड ते दोन इंच. लेव्हल नळीने मोजून भिंतीवर खुणा कराव्यात, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नये. कोब्याला मुळात ढाळ नसेल तर तो आधी वेगळ्या कोब्याने करून घ्यावा. फरशीखालच्या मालाची जाडी कमीजास्त करून ढाळ साधला, की जाड भाग जास्त आकसतो आणि तिथली फरशी सुटते.

कोबा गुळगुळीत असेल तर दोन-दोन इंचांवर टाचे (छिन्नीच्या खाचा) मारावेत. शेवाळ आणि तेलाचे डाग ब्रशने घासून काढावेत, आदल्या दिवशी भरपूर पाणी मारावं. काम करताना पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. त्यावर सिमेंटचा घोळ ब्रशने चोळून तो वाळायच्या आत एकास पाच (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) माल पसरावा. दोनशे चौरस फुटांना सव्वा इंच मालासाठी चार गोण्या सिमेंट आणि सुमारे बावीस घनफूट वाळू लागते. घोळासाठी दीड-दोन गोण्या वेगळ्या. फरशी तुटफूट धरून 215 ते 220 चौरस फूट आणावी. बाहेरच्या जागेसाठी खरबरीतच घ्यावी. पॉलिश केलेला कोटा दगड पावसात साबणासारखा होतो.

सर्वांत जास्त बिघडतं ते माल पसरण्यात. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून वर फरशी दाबली, की काम झपाट्याने उरकतं आणि वरून सरळही दिसतं. पण गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरतं आणि खाली काँक्रीट असल्यामुळे तिथेच मुक्काम करतं. उन्हात ते वर येताना सिमेंटमधला चुना सोबत आणतं, तोच लोणा. जड कुंडी ठेवल्यावर कोपरा तुटतो तोही पोकळीवरच. माल सलग हवा. कारागीर चार-पाच फरश्या बसवून झाला की एक उचलून पाठ बघावी. पाठ सगळीकडे मालाने माखलेली दिसली पाहिजे.

फरश्या एकमेकींना चिकटवू नयेत, पाव इंच दरज (फट) ठेवून ती एकास तीन मालाने दाबून भरावी. वीस फूट लांबीचं काँक्रीट 50 अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांबतं. विदर्भातल्या मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांच्यात तापलेल्या फरशीला एवढा फरक सहज पडतो. त्यासाठी भिंतीलगत आणि दर दहा फुटांवर अर्धा इंच फट सोडून लवचिक सीलंट भरावं. कोब्यात आधीचा सांधा असेल तर तो वरपर्यंत तसाच आणावा.

पेव्हर ब्लॉकचं गणित वेगळं. ते वाळूवर बसतात आणि काँक्रीटवरची वाळू म्हणजे परातीत ठेवलेली वाळू. ढाळाच्या खालच्या कडेला पाच-सहा फुटांवर दोन इंचांची भोकं कोब्यातून आरपार पाडावीत, बारीक खडीने भरावीत आणि वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कापड) अंथरावं, म्हणजे वाळू वाहून जाणार नाही. वाळूचा थर इंच-दीड इंचच ठेवावा, क्रशरची भुकटी वापरू नये, कडेला काँक्रीटची पट्टी हवीच. चालण्यापुरती जागा असेल तर 50 मिलिमीटरचे ब्लॉक चालतात, गाडी येणार असेल तर निदान 60 चे घ्यावेत.

ढाळाच्या टोकाचं पाणी शेजाऱ्याच्या कुंपणाकडे किंवा रस्त्यावर सोडण्यापेक्षा तिथे फूटभर रुंद आणि दोन फूट खोल चर खणून खडीने भरावा. झाडाभोवतीचा कोबा मात्र फोडावा, तीन फुटांचं आळं मोकळं ठेवावं.

कोटेशनमध्ये सहसा फक्त चौरस फुटाचा दर असतो. ढाळ किती, माल किती जाड आणि सलग आहे का, फटी कुठे, चेंबर कोण उचलणार, हे चारही मुद्दे त्यात लिहून घ्यावेत. कामानंतर सात दिवस गोणपाट ओलं ठेवावं, निदान तीन दिवस त्यावर चालू नये. आणि शेवटी फरशी ‘चमकवायला’ ॲसिड टाकू देऊ नये. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडकच आहेत, ॲसिड डागाबरोबर दगडही खातं. सिमेंटचे शिंतोडे त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसले तर ॲसिडची वेळच येत नाही.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, सातारा